नायजरमध्ये बेकार नाहीत काय?

नववीला भूगोल शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने काही महिन्यांपूर्वी आम्हांला एक कागद आणून दाखवला. त्यांच्या वर्गातील मुलांनी जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून निरनिराळ्या देशांतील बेकारीचे दर उतरवून घेतले होते आणि चढत्या क्रमाने मांडले होते. सर्वांत कमी बेकारीच्या देशांत कतार होता. तेलाचा आणि वायूचा पैसा असलेला देश, तेव्हा हे ठीकच. पण त्याच्याच पंक्तीला पश्चिम आफ्रिकेतील नायजर बसला होता. दोघांचाही दर 1 टक्क्याच्या आत! यादीच्या दुसऱ्या टोकाला दक्षिण आफ्रिका होती, 30 टक्क्यांच्या वर. वर्गातील एका मुलीने विचारले होते, "बाई, नायजरमध्ये सगळ्यांना काम मिळतं, मग तो देश एवढा गरीब कसा? आणि इतके लोक बेकार असूनही दक्षिण आफ्रिका त्याच्यापेक्षा श्रीमंत कशी?"

बाईंनी वर्गात सांगितले की आकडा उतरवताना काहीतरी चूक झाली असेल. घरी जाऊन त्यांनी स्वतः पडताळून पाहिले, तर चूक नव्हती. तो कागद घेऊन त्या आमच्याकडे आल्या.

प्रश्न त्या मुलीचा असला तरी त्याने भलेभले संशोधक अडखळतात. देशादेशांची तुलना करणाऱ्या अभ्यासासाठी आर्थिक आणि श्रमविषयक आकडे आज घरबसल्या, फुकट आणि काही मिनिटांत मिळतात. एके काळी त्यासाठी मोठ्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड वार्षिके चाळावी लागत. त्या वार्षिकांत कोष्टकाखालच्या बारीक टाइपातील तळटिपा नजरेआड करणे कठीण असे. संगणकावर मात्र आकडा एकीकडे मिळतो आणि तळटीप दुसऱ्याच पानावर राहते. म्हणून आज आकडा शोधणे सोपे झाले आहे, आणि तो आकडा कशाचा आहे हे शोधणे हेच खरे काम होऊन बसले आहे. ते कसे करावे, हे या लेखात पाहू.

बेकार कोणाला म्हणायचे?

प्रयोगशाळेत आपण मुलांना शिकवतो की एककाशिवाय मापनाला अर्थ नाही. '37' असे नुसते लिहिले तर ते अंश सेल्सिअस की फॅरनहाइट, हे विचारावेच लागते. सामाजिक शास्त्रांतील आकड्यांचे एकक म्हणजे त्यांची व्याख्या होय.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना, म्हणजे आयएलओ, 1919 मध्ये स्थापन झाली. देशोदेशीच्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांची तिने भरवलेली पहिली परिषद 1923 मध्ये झाली. तेव्हापासून या परिषदा व्याख्या ठरवत आणि सुधारत आल्या आहेत. त्यांनी रूढ केलेली बेकाराची व्याख्या तीन अटींची आहे. पाहणीच्या ठरावीक आठवड्यात त्या व्यक्तीने मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी एक तासही काम केलेले नसावे, तिने अलीकडच्या काळात (बहुधा गेल्या चार आठवड्यांत) काम मिळवण्याची काही खटपट केलेली असावी, आणि काम मिळाल्यास ती लगेच रुजू होण्यास तयार असावी. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच ती व्यक्ती बेकार. एक तासभर जरी काम केले असेल तर ती रोजगारात धरली जाते. कामही नाही आणि खटपटही नाही, तर ती श्रमशक्तीच्या बाहेर जाते.

बेकारीचा दर काढताना छेदस्थानी सगळी लोकसंख्या नसते. रोजगारातील आणि बेकार यांची बेरीज, म्हणजे श्रमशक्ती, तेवढीच छेदात असते. ही गोष्ट विसरल्यामुळे किती गोंधळ होतो ते पुढे दिसेलच.

आता नायजरकडे वळू. तेथील बहुसंख्य लोक शेतीवर आणि गुराढोरांवर जगतात. बेकारभत्ता बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. अशा ठिकाणी काहीही न करता केवळ नोकरी शोधत बसणे कोणाला परवडणार? माणूस आठवड्यात काही ना काही करतोच. भावाच्या शेतात राबतो, बाजारात मूठभर कांदे विकतो, कोणाचे ओझे वाहतो. तास भरला की तो रोजगारात गणला जातो. त्याची कमाई किती, याच्याशी या आकड्याला कर्तव्य नाही. तेव्हा नायजरचा दर हा तेथील सुबत्तेचा पुरावा नाही. बेकार राहण्याचीही ऐपत नसलेल्या समाजात हा दर खालीच राहतो. कतारमधील दर खाली असण्याचे कारण अगदी निराळे आहे. तेथील श्रमशक्तीत परदेशांतून कामासाठीच आणलेले लोक फार मोठ्या प्रमाणात आहेत, आणि त्यांचे तेथील वास्तव्य सहसा नोकरीशी बांधलेले असते. दोन निरनिराळ्या कारणांनी आलेले दोन सारखे आकडे शेजारी शेजारी बसले, एवढेच.

दर उतरला, पण रोजगारही गेले

याहून चमत्कारिक उदाहरण दक्षिण आफ्रिकेचेच आहे. 2020 च्या पहिल्या तिमाहीत तेथील बेकारीचा दर 30.1 टक्के होता. मग कोविडची टाळेबंदी आली. दुसऱ्या तिमाहीत सुमारे 22 लाख लोकांचे रोजगार गेले. आणि बेकारीचा दर? तो 23.3 टक्क्यांवर उतरला!

यात लबाडी काहीच नव्हती. टाळेबंदीत घराबाहेर पडायची बंदी असताना काम शोधणार कोण? खटपट केली नाही म्हणजे दुसरी अट पुरी झाली नाही, आणि लक्षावधी माणसे 'बेकार' या रकान्यातून 'श्रमशक्तीच्या बाहेर' या रकान्यात गेली. तेथील सांख्यिकी संस्था याच पाहणीतून बेकारीचा एक विस्तारित दरही काढते. काम हवे आहे पण शोध घेतलेला नाही, अशांनाही त्यात धरतात. तो दर त्याच काळात 39.7 वरून 42.0 टक्क्यांवर गेला. एकच देश, एकच तिमाही आणि एकच पाहणी असूनही एक दर उतरला आणि दुसरा चढला. पहिला आकडा तेवढा घेऊन कोणी टाळेबंदीवर निबंध लिहिला असता, तर त्याचा निष्कर्ष पार उलटा निघाला असता.

त्याच सुमारास अमेरिकेत एप्रिल 2020 चा दर 14.7 टक्के जाहीर झाला. त्या आकड्याबरोबरच तेथील श्रमसांख्यिकी कार्यालयाने स्वतःच खुलासा केला की, तात्पुरते कामावरून कमी केलेले अनेक लोक पाहणीत 'कामावर गैरहजर' म्हणून नोंदले गेले आहेत. ही चूक नसती तर दर जवळजवळ 5 टक्क्यांनी अधिक भरला असता. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत 14.7 आले. खुलासा ज्याने मूळ निवेदन वाचले त्यालाच कळला.

जर्मनीचे दोन दर

दोन देश जाऊ द्या, एका देशातही दोन दर असू शकतात. जर्मनीतील संघीय रोजगार संस्था आपल्याकडे नाव नोंदवलेल्या बेकारांची मोजदाद करते. 2023 मध्ये ती संख्या सरासरी 26 लाख आणि दर 5.7 टक्के होता. त्याच वर्षी आयएलओच्या व्याख्येनुसार घरोघर पाहणी करून काढलेला दर 3 टक्क्यांच्या आसपास होता. कारण असे की, जर्मन कायद्याप्रमाणे आठवड्याला 15 तासांपेक्षा कमी काम करणारा माणूसही बेकार म्हणून नोंदणीत राहू शकतो. आयएलओच्या लेखी मात्र तो रोजगारात आहे. आता एखाद्याने जर्मनीसाठी नोंदणीचा दर घेतला आणि शेजारच्या देशासाठी पाहणीचा, तर त्याने एकाची उंची बुटांसह आणि दुसऱ्याची अनवाणी मोजली असे होईल.

वयाचाही प्रश्न असतो. अमेरिकेत 16 वर्षे आणि त्यावरील व्यक्ती धरतात. आयएलओचे आंतरराष्ट्रीय आकडे 15 वर्षांपासून सुरू होतात. युरोपीय संघाच्या आकड्यांत बेकारीचा दर 15 ते 74 या वयोगटाचा असतो. फरक किरकोळ वाटतात, पण तुलना अर्ध्या टक्क्याची असेल तेव्हा ते किरकोळ राहत नाहीत.

आपल्याकडची मोजणी

भारतात हा विचार फार पूर्वी झाला आहे. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक असलेले एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने 1970 मध्ये बेकारीच्या अंदाजांविषयी अहवाल दिला. आपल्यासारख्या शेतीप्रधान देशात बेकारी एकाच आकड्यात मांडणे योग्य नाही, असा त्यातील मुख्य मुद्दा होता. सुगीत हाताला काम असते, उन्हाळ्यात नसते. एकच माणूस आठवड्यात तीन दिवस मजुरीला जातो आणि चार दिवस घरी बसतो. त्याला काय म्हणायचे?

या विचारातून राष्ट्रीय नमुना पाहणीने 1972-73 मधील 27 व्या फेरीपासून तीन मापे वापरली. पहिले 'नेहमीच्या स्थितीचे'. गेल्या 365 दिवसांत व्यक्तीने अधिक काळ काय केले, हे त्यात पाहतात. वर्षभरात निदान 30 दिवस दुय्यम काम केले असेल तर त्यालाही रोजगार मानतात. दुसरे 'चालू आठवड्याच्या स्थितीचे', म्हणजे गेल्या सात दिवसांचे. तिसरे 'दैनिक स्थितीचे'. त्यात आठवड्यातील प्रत्येक दिवसाचे अर्धे अर्धे भाग पाडून हिशेब करतात. माप जितके बारीक, तितकी अधूनमधून घडणारी बेकारी अधिक दिसते. 2004-05 च्या पाहणीत नेहमीच्या स्थितीनुसार बेकारी 2 टक्क्यांच्या थोडी वर होती, तर दैनिक स्थितीनुसार ती 8 टक्क्यांच्या वर होती. दोन्ही आकडे बरोबर, दोन्ही एकाच पाहणीतले.

2017 पासून सुरू झालेल्या नियतकालिक श्रमशक्ती पाहणीचे वार्षिक अहवाल पहिली दोन मापे देतात. जुलै 2023 ते जून 2024 या वर्षात 15 वर्षे व त्यावरील व्यक्तींची बेकारी नेहमीच्या स्थितीनुसार 3.2 टक्के आणि चालू आठवड्याच्या स्थितीनुसार 4.9 टक्के होती. परदेशांशी तुलना करायची तर दुसरे माप अधिक जवळचे, कारण तिकडेही एका आठवड्याचाच हिशेब असतो. 2025 च्या जानेवारीपासून या पाहणीची नमुना-रचना बदलली आहे आणि त्या वर्षाच्या मे महिन्यापासून मासिक आकडेही प्रसिद्ध होऊ लागले. म्हणून 2024 आणि 2025 यांना जोडणारी रेघ काढताना मध्ये एक बारीक उभी खूण करावी, म्हणजे वाचणारा सावध राहील.

गाव तेच, दर वेगळा

आयएलओच्या 2013 मधील एकोणिसाव्या परिषदेने एक मोठा बदल केला. त्यापूर्वीच्या, 1982 मधील तेराव्या परिषदेच्या व्याख्येप्रमाणे स्वतःच्या घरी खाण्यासाठी धान्य पिकवणारा शेतकरी रोजगारात गणला जाई. नव्या व्याख्येप्रमाणे रोजगार म्हणजे मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले काम. घरच्या वापरासाठी केलेले उत्पादन हे 'काम' आहेच, पण ते 'रोजगार' नाही.

याचा परिणाम एका काल्पनिक गावावर पाहू. गावात 15 वर्षांवरील 100 माणसे आहेत. 40 जण मुख्यतः घरच्यापुरते पिकवतात. 20 जण मजुरी किंवा नोकरी करतात. 5 जणांना काही काम नाही आणि ते काम शोधत आहेत. 10 जणांना काम हवे आहे, पण मिळणार नाही म्हणून त्यांनी शोधणेच सोडले आहे. उरलेले 25 विद्यार्थी, वृद्ध आणि केवळ घरकाम करणारे आहेत.

जुन्या व्याख्येप्रमाणे रोजगारात 60 आणि बेकार 5, म्हणून श्रमशक्ती 65. दर 7.7 टक्के.

आता नवी व्याख्या लावू. घरच्यापुरते पिकवणारे 40 जण रोजगारातून वगळले. समजा, त्यांपैकी 5 जण मजुरी शोधतही आहेत आणि मिळाल्यास लगेच जायला तयार आहेत. मग रोजगारात 20, बेकार 10 आणि श्रमशक्ती 30. दर 33.3 टक्के. काम शोधणे सोडलेले 10 जणही बेकारांत धरले, तर बेकार 20, श्रमशक्ती 40 आणि दर 50 टक्के.

गावात काहीच घडलेले नाही. कोणी कामावरून गेले नाही, कोणाची जमीन गेली नाही. फक्त मोजणाऱ्याने वहीतील रकाने बदलले. (हा हिशेब फळ्यावर करून दाखवावा. शेकडेवारी शिकवताना याहून जिवंत उदाहरण मिळणे कठीण.)

खऱ्या देशांतही हे घडते. नायजेरियात 2020 च्या अखेरच्या तिमाहीचा बेकारीचा दर 33.3 टक्के होता. 2023 च्या पहिल्या तिमाहीचा दर जाहीर झाला तो 4.1 टक्के. आधीच्या पद्धतीत आठवड्याला 20 तासांपेक्षा कमी काम करणाऱ्यालाही बेकार धरत असत. नव्या पद्धतीत आयएलओप्रमाणे एक तासाची अट आली. दोन वर्षांत नायजेरियाने बेकारी संपवली, असे ज्याला वाटेल त्याने तळटीप वाचलेली नाही.

आम्हीही एकदा फसलो

हे उपदेशाचे बोल आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. उन्हाचा कडाका आणि शेतकाम यांच्या संबंधाचा आम्ही काही वर्षांपूर्वी अभ्यास करीत होतो. तापमानाच्या नोंदींबाबत आम्ही अतिशय काटेकोर होतो. कोणत्या केंद्रावर उपकरण कधी बदलले, केंद्राची जागा हलली का, हे सारे तपासून घेतले होते. श्रमाचे आकडे मात्र तयार कोष्टकातून सरळ उचलले. एका आफ्रिकी देशाच्या आलेखात स्त्रियांचा श्रमशक्तीतील सहभाग एका वर्षात एकदम कोसळलेला दिसला. ते वर्षही नेमके कडक उन्हाळ्याचे! आम्ही हरखून गेलो. निबंधाचा मसुदा तयार झाला.

तो छापायला धाडण्यापूर्वी आमच्या एका तरुण सहकारी बाईंनी त्या देशाचा मूळ अहवाल उघडला. त्या वर्षी तेथे नवी व्याख्या लागू झाली होती. घरच्यापुरते पिकवणाऱ्या हजारो स्त्रिया एका रात्रीत रोजगाराच्या बाहेर गेल्या होत्या, आणि त्यांपैकी बहुतेकींनी नोकरी शोधली नव्हती. उन्हाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तापमापक बदलला का हे विचारणाऱ्या आम्हांला माणसे मोजण्याचे माप बदलले का, हे विचारायचे सुचले नाही. मसुदा बाजूला ठेवावा लागला, आणि ते योग्यच झाले. असा निबंध छापून आला असता तर त्यावर विसंबून कोणी उद्या योजना आखली असती.

आपल्याकडील स्त्रियांच्या आकड्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. नेहमीच्या स्थितीनुसार 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्ती सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, तो 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. वाढ मोठी आहे. पण काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंरोजगारात मोडतात, आणि त्यांत घरच्या शेतीत वा दुकानात विनावेतन मदत करणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. नोकऱ्या वाढल्या, पूर्वी न मोजले गेलेले काम आता मोजले गेले, की अडचणीमुळे अधिक स्त्रियांना राबावे लागले, हे केवळ या एका आकड्यावरून ठरत नाही. त्यासाठी कामाचा प्रकार, तास आणि मिळकत यांची कोष्टके पाहावी लागतात. ती त्याच अहवालात पुढच्या पानांवर असतात.

न मोजलेले आकडे

मुलांच्या कागदावर आणखी एक गोष्ट दिसत नव्हती. जागतिक बँकेच्या संग्रहात बेकारीच्या दराच्या जवळजवळ सारख्याच नावाच्या दोन माला आहेत. एक 'राष्ट्रीय अंदाज', म्हणजे त्या देशाच्या पाहणीतून आलेले आकडे. तिच्यात अनेक वर्षांच्या जागा रिकाम्या असतात. दुसरी 'आयएलओचे मॉडेल-आधारित अंदाज'. तिच्यात 1991 पासून दरवर्षी आकडा आहे, एकही जागा रिकामी नाही. साहजिकच विद्यार्थी आणि संशोधक दुसरीच माला उचलतात.

पण ज्या वर्षी पाहणीच झाली नाही, त्या वर्षीचा आकडा आला कोठून? तो गणिती प्रतिमानाने भरलेला असतो. आयएलओ हे उघडपणे सांगते, आणि जगाचे वा खंडाचे एकूण चित्र काढण्यासाठी ते आवश्यकही आहे. मात्र अशा प्रतिमानांत देशाच्या उत्पन्नवाढीसारख्या गोष्टींचा आधार घेतलेला असतो. म्हणून हे भरलेले आकडे घेऊन कोणी 'उत्पन्नवाढीचा बेकारीवर परिणाम' शोधू लागला, तर त्याला प्रतिमानात आधीच घातलेला संबंध परत सापडेल. आपणच खिशात ठेवलेले नाणे शोधून काढल्याचा आनंद तेवढा मिळेल.

आकडे बदलतात, तेही समजून घ्यावे

आर्थिक आकड्यांत दुरुस्त्या होतात. नोव्हेंबर 2010 मध्ये घानाने आपल्या सकल देशांतर्गत उत्पादनाचे आधारवर्ष 1993 वरून 2006 वर आणले आणि उत्पादन सुमारे 60 टक्क्यांनी अधिक निघाले. एप्रिल 2014 मध्ये नायजेरियाने आधारवर्ष 1990 वरून 2010 वर आणले. 2013 सालचे उत्पादन सुमारे 89 टक्क्यांनी वाढले आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून तो देश खंडातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरला. जुन्या आधारात मोबाइल दूरध्वनी, चित्रपट यांसारखे पुढे फोफावलेले व्यवसाय नीट मोजलेच जात नव्हते. म्हणून संशोधनात आकडा लिहिताना तो कोणत्या तारखेला आणि कोणत्या आवृत्तीतून घेतला, तेही लिहावे.

दुरुस्ती म्हणजे लबाडी नव्हे, हे सांगण्याची आज विशेष गरज आहे. 1 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेत मे आणि जून महिन्यांचे रोजगारवाढीचे आकडे मिळून 2 लाख 58 हजारांनी खाली आणले गेले. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी श्रमसांख्यिकी कार्यालयाच्या आयुक्तांना पदावरून दूर केले. वस्तुतः काही आस्थापनांची उत्तरे उशिरा येतात, ती आली की पहिला अंदाज सुधारला जातो, आणि ही पद्धत वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. जो आकडा कधीच सुधारला जात नाही, त्याचाच संशय घ्यावा.

दुसरीकडे, पाहणीचा पायाच कमकुवत होण्याचा धोकाही खरा आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने आपल्या श्रमशक्ती पाहणीचे नेहमीचे आकडे प्रसिद्ध करणे थांबवले, कारण उत्तर देणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण फारच घटले होते. लोकांनी दार उघडले नाही तर उत्तम व्याख्याही निरुपयोगी ठरते.

शोध कोठून सुरू करावा?

आमचा क्रम असा असतो. प्रथम त्या देशाच्या सांख्यिकी संस्थेचा मूळ अहवाल पाहावा. भारतासाठी तो राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा. पाहणीतील कुटुंबनिहाय मूळ नोंदीही, नावे वगळून, अभ्यासकांना उपलब्ध होतात. दुसरे, देशादेशांच्या तुलनेसाठी आयएलओचा 'आयएलओस्टॅट' हा संग्रह. तेथे तेराव्या आणि एकोणिसाव्या परिषदेच्या व्याख्यांच्या माला वेगळ्या ठेवलेल्या आहेत आणि आकड्याजवळ टीपा आहेत. युरोपसाठी 'युरोस्टॅट' आणि प्रामुख्याने श्रीमंत देशांसाठी ओईसीडी यांचे संग्रह चांगले आहेत. जागतिक बँकेचा संग्रह हाताळायला सर्वांत सोपा, पण श्रमविषयक आकडे तेथे बहुतांशी आयएलओकडूनच आलेले असतात. तो दरवाजा म्हणून वापरावा, घर म्हणून नव्हे.

आकडा मिळाला की पाच प्रश्न विचारावेत. हा कोणी मोजला, पाहणीने की नोंदणीने, की प्रतिमानाने? कोणाला मोजले, कोणते वय, कोणता प्रदेश? कोणत्या काळाबद्दल विचारले, आठवडा की वर्ष? व्याख्या कोणती? आणि मालेत मध्ये कोठे माप बदलले आहे काय? पाचांपैकी एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर तो आकडा तुलनेत वापरू नये.

वर्गात करून पाहण्याजोगा एक उपक्रम सांगून थांबतो. मुलांनी आपापल्या घरातील 15 वर्षांवरील माणसांनी गेल्या आठवड्यात काय केले, ते नावे न लिहिता नोंदवावे. मग वर्गाचे दोन गट करावेत. एका गटाने एक तासाचा नियम लावून दर काढावा, दुसऱ्याने 20 तासांचा. आई घरच्या गोठ्यातील दूध डेअरीला घालते ती कोणत्या रकान्यात, आणि घरच्यापुरती भाजी पिकवणारी आजी कोणत्या, यावर वाद होईल. तो होऊ द्यावा. देशोदेशीचे तज्ज्ञ 1923 पासून हाच वाद घालत आले आहेत.

आमच्याकडे आलेल्या बाईंनी हा उपक्रम केला. नंतर त्यांनी मुलांचा सुधारलेला तक्ता पाठवला. त्यात देश आणि दर या दोन रकान्यांपुढे मुलांनी 'कसे मोजले?' असा तिसरा रकाना आखला होता. नायजरपुढे त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने लिहिले होते, "काम सगळ्यांना आहे. पोटापुरते आहे का, ते या आकड्यात नाही."